खंडेनवमीचा लॅपटॉप

संस्कृतीचं जावळ निमगावच्या खंडोबाला काढलं, त्या वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार तेवीस साल. जावळ काढून आल्यावर थोड्याच दिवसांत संस्कृतीची आई, पुनम, परत कामाला लागली आणि घरात धुसफूस सुरू झाली ती तेव्हापासून.

घर कुरुळीचं, चाकणला जाणाऱ्या हमरस्त्यापासून आत, जुन्या वस्तीतलं. पुढं ओटा, मागं भाड्यानं दिलेल्या चार खोल्या. पूर्वी मागच्या खिडकीतून हरभरा दिसायचा, आता गोडाऊनची निळी भिंत दिसते. ह्या घरात सगळ्यात थोरला तात्याबा. त्यानं निम्मी हयात शेती केली आणि निम्मी पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर काढली. अक्षरओळखही त्याला कारखान्यातच झाली, मिशीत पांढरं दिसायला लागल्यावर, कॅन्टीनमध्ये भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात. उशिरा आलेली गोष्ट माणूस जपून वापरतो. तात्याबा अजून पेपर वाचायचा तो ओठ हलवत, आणि एसटीत बसला की रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा. त्याची बायको सरुबाई. त्यांचा मुलगा बाळू कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. बाळूची बायको मुलाचं लग्न बघायलाही राहिली नाही, त्यामुळं नातसून आली तेव्हा तिला सासू म्हणून लाभली ती आजेसासूच. नातू ज्ञानेश महाळुंग्याला फिटर, आणि पुनम त्याची बायको.

पुनमचं काम काय, हे सरुबाईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. तात्याबाला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. कारखान्यातल्या मशिनीला एक डोकं असतं, कंट्रोलर म्हणतात त्याला. कुठलं बटण दाबल्यावर काय हलायचं आणि कधी थांबायचं, हे त्या डोक्यात लिहून भरावं लागतं. पुनम ते लिहायची.

"म्हंजी तू मशिनीची मास्तरीण," तात्याबा म्हणाला होता.

"व्हय, आन् स्वतःच्या लेकराला शिकवायला मातुर पणजी," सरुबाई म्हणाली होती.

सरुबाईचंही चुकत नव्हतं. गुडघे गेलेले. उठताना भिंत धरायची, बसताना देवाचं नाव घ्यायची. त्यात अंगावर पिणारं पोर सांभाळायचं. "वरीसभर घरी बसली आसती तर कंपनी काय पळून जात व्हती का?" हा तिचा रोजचा सवाल. त्यावर बोलला एकटा तात्याबा. "जाऊ द्या तिला. लेकराला मी बी बघतो. तिच्या कामाची जबाबदारी माझी."

बोलून बसला. आता त्या कामात काही वाकडं झालं असतं, तर सरुबाईच्या तोंडी पहिलं नाव तात्याबाचं येणार होतं.

पुनम यशवंतरावांच्या लहानशा फर्ममध्ये होती. दुसऱ्यांच्या कारखान्यांतल्या मशिनींचे प्रोग्रॅम करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. बाळंतपणानंतर तिला एकटीला दिलेलं हे पहिलं काम. चाकणच्या एका कारखान्यातली जुनी प्रेसची लाइन. अशा प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या अंगठ्याला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार. हेतू असा, की प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असावेत, डायमध्ये, म्हणजे साच्यात, नसावेत. पण माणूस हुशार. एका बटणात लाकडाचा गुटका ठोकायचा, म्हणजे ते कायमचं दाबलेलं. मग एका हातानं बटण आणि दुसऱ्या हातानं माल. काम भराभर होतं, आणि एखाद्या दिवशी हात जातो. तात्याबाच्या जोडीला खंडू म्हणून एक होता, त्याची दोन बोटं अशीच गेली. पुढं तो चहाचा कप तळव्यात धरून प्यायचा.

पुनम लिहीत होती तो प्रोग्रॅम ह्या गुटक्यावरचाच उतारा होता. प्रत्येक वेळी दोन्ही अंगठे उचलले गेले, तरच प्रेस पुढचा ठोका मारणार. एक बटण दाबलेलंच राहिलं तर जागच्या जागी उभी. तात्याबानं हे ऐकलं आणि स्वतःची बोटं एकदा उघडून मिटली. मग म्हणाला, "हे तवाच कुणी का न्हाई लिवलं?"

आता त्या लाइनीचा कंट्रोलर जुना. त्याचं सॉफ्टवेअर आजच्या कॉम्प्युटरवर चालत नाही, त्याला जुनी विंडोज लागते. म्हणून पुनमच्या नव्या लॅपटॉपच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर वसवलेला होता. खराखुरा नव्हे, सॉफ्टवेअरनंच केलेला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पुनमनं तात्याबाला दाखवलं होतं, पडदा एकच, पण आतल्या चौकटीत वेगळाच कॉम्प्युटर, त्याचं घड्याळसुद्धा वेगळं.

"कळलं की," तात्याबा म्हणाला. "घर आपलं, मागच्या खोलीत बिऱ्हाड दुसऱ्याचं. भाडेकरू हाय ह्यो."

पुनम हसली आणि तेव्हापासून त्या आतल्या कॉम्प्युटरचं नाव भाडेकरू पडलं.

खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते. तात्याबा ती स्वतः करायचा. पाटावर विळा, खुरपं, कुऱ्हाड, ज्ञानेशचे पाने, बाळूच्या बसची किल्ली, सरुबाईची विळी, अशी मांडामांड झाली. ज्यानं त्यानं आपलं हत्यार आणून ठेवायचं, ही रीत. पुनमचं काही पाटावर नव्हतं. ती खाली जमिनीवर, सोफ्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. सुट्टी होती, पण दसरा झाला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला लाइन चालू करायची होती, आणि प्रोग्रॅमचं शेपूट राहिलं होतं. तेवढ्यात आत संस्कृतीनं गळा काढला. पुनम होतं तसं टाकून तिला घ्यायला गेली.

तात्याबानं पाटाकडं पाहिलं, मग टेबलाकडं. घरातल्या सगळ्यांच्या हातांचा मान झाला, आणि एकीचा राहिला, हे त्याला बरं वाटेना. शिवाय सरुबाई बघत होती. तिच्यादेखत व्हावं, असंही त्याच्या मनात असेल. त्यानं हळदीकुंकवाची कोयरी उचलली, लॅपटॉपला पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू लावलं, झाकण मिटून घेतलं, आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

पुनम बाळाला खांद्यावर घेऊन आली, तर टेबलावर मिटलेला लॅपटॉप आणि त्याच्यापुढं उदबत्ती.

"तात्या!" ती म्हणाली. "ह्याची पण पूजा?"

"मग? तुझं हत्यार न्हाई व्हय ते?"

तिच्या डोळ्यांत काहीतरी आलं आणि तिनं ते बाळाच्या टोपड्यात पुसलं. वाकून तात्याबाला आणि सरुबाईला नमस्कार केला. मग हळूच म्हणाली, "थोडं राहिलंय माझं. उघडू का जरा?"

"आज न्हाई," सरुबाई म्हणाली. "पुजलेलं हत्यार त्या दिशी धरायचं नसतं. त्येला बी दम घेऊ द्या. लई शिकली म्हून रीत सोडायची न्हाई."

पुनमनं घड्याळ पाहिलं, सरुबाईचं तोंड पाहिलं, आणि उद्यावर टाकलं. सणाच्या दिवशी वाद नको, हा तिचा स्वभाव.

दसऱ्याच्या सकाळी पुरणाची डाळ शिजत असताना तिनं लॅपटॉप उघडला. पडदा उजळला. पासवर्ड मागितला, तिनं घातला, त्यानं घेतला. कालचा प्रोग्रॅम जसाच्या तसा समोर, भाडेकरू पडदाभर पसरलेला. तिनं पुढं लिहायला एक अक्षर दाबलं आणि अक्षर उमटायच्या ऐवजी सगळा प्रोग्रॅम निळा झाला. वरपासून खालपर्यंत, एकदम निवडला गेला. तिनं बोट झटकन उचललं. दुसरीकडं टिचकी मारून बघितली, तर भलतीच चौकट उघडली.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले, चुलीवरच्या भांड्यानं भाजावेत तसे.

ज्ञानेश आंघोळ करून टॉवेलवरच बाहेर आला. त्यानं पाहिलं, कळांच्या फटीत लालपिवळं बसलेलं.

"घ्या! कुंकू गेलंय आत. तात्या, काय हे? इलेक्ट्रॉनिक वस्तू हाय ती, नांगर न्हाई!"

तात्याबा ओट्यावर आपट्याची पानं निवडत होता. तो उठून आत आला.

"जरासंच लावलं व्हतं रं."

"जरासंच! पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, वर झेंडू. नारळ फोडला न्हाई हेच नशीब. पुनम, बंद कर तो, मी कळा काढून ब्रशनं साफ करतो. माझ्याकडं आणलेल्या मशिनीत कचरा गेला की हेच करतो मी."

"बंद नका करू!" पुनम एवढ्या जोरात म्हणाली की स्वयंपाकघरातून सरुबाई पळी घेऊनच आली. "कालचं काम सेव्ह केलं नव्हतं मी. बाळ रडलं म्हणून उठले, तर..." ती थांबली. तात्याबाकडं तिनं बघितलं नाही. "भाडेकरू चालूच होता. आता बटण दाबून बंद केलं, तर ते सगळं जाईल. आणि कळांना हात पण लावू नका. सगळं निवडलं गेलंय, एक कळ भलती दाबली गेली तर पुसून जाईल."

"बंद बी करायचा न्हाई, हात बी लावायचा न्हाई. मग काय आरती करायची?"

"करून झालीय," सरुबाई म्हणाली आणि तात्याबाकडं बघून आत गेली.

ती काही वाईट बोलली नव्हती. पण तात्याबाला ते वाक्य लागलं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. ज्या हातानं कुंकू लावलं, तो हात त्यानं दुसऱ्या हातात धरला होता. पिंपरीत प्रेसवर इतकी वर्षं काढली, मशीन कधी त्याच्या हातून बिघडली नाही. आणि आता मान द्यायला गेला तर नातसुनेचं हत्यारच बोथट करून बसला. तिच्या कामाची जबाबदारी माझी, म्हणाला होता. जबाबदारी घेतली ती अशी.

पुनमनं समाधानला फोन लावला. समाधान तिच्याच फर्ममधला, लातूरकडचा, कासारवाडीला खोली घेऊन राहायचा. फोन स्पीकरवर टाकून तिनं सगळं सांगितलं.

"काय व्हायलंय मग, अक्षरच उठंना?" समाधान म्हणाला. "बंद करून चालू करा की मॅडम. निम्मे रोग त्यानंच जातेत."

"आणि कालचं काम?"

"हां, ते तर जाईल. दुसरा कीबोर्ड लावून बघा मग. बाहेरचा. त्यानं नीट चाललं, तर तुमच्या कीबोर्डचं दुखणं. त्यानं बी तसंच झालं, तर आतलं."

ज्ञानेश शर्ट चढवून रस्त्यावरच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात गेला. दुकान बंद, पण मालक वरच राहायचा. त्याच्याकडून कीबोर्ड घेऊन आला. तेवढ्या वेळात यशवंतरावांचा फोन आला. समाधाननं त्यांना कळवलं असणार. त्यांचा आवाज तात्याबाला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

"पुनम, दसऱ्याच्या शुभेच्छा. हे बघ, ताण घेऊ नको. लाइन उद्या सकाळी चालू होणार, ती थांबत नाही. दुपारपर्यंत तुझं जमलं तर बघ. नाही तर समाधान जुना प्रोग्रॅम घेऊन जाईल, लाइन आहे तशी चालू करून देईल. तू मग काही दिवस ऑफिसातच बस. बाळ लहान आहे तुझं, मी समजू शकतो."

"सर, जुन्या प्रोग्रॅमवर ते परत गुटका लावतील."

"ते नंतर बघू."

फोन बंद झाला. चांगुलपणानं बोलला माणूस, पण ऑफिसात बस म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळलं. एकदा ऑफिसात बसवलेली बाई परत लाइनीवर जात नाही. सरुबाई दारात उभी होती. तिला हवं होतं तेच आपसूक होऊ घातलं होतं, पण तिच्या तोंडावर आनंद दिसला नाही. ती पदरानं गळा पुसत राहिली.

बाहेरचा कीबोर्ड लावला. पुनमनं लॅपटॉपच्या कळांना न शिवता, त्या नव्या कीबोर्डवर एक निरुपद्रवी कळ निवडून दाबली. पुन्हा तेच. अक्षर नाही, एक चौकट मात्र टपकन उघडली. तिनं ती काळजीनं उंदरानं मिटवली. कॉम्प्युटरच्या उंदरानं.

"म्हणजे कुंकू नाही," ती म्हणाली.

तात्याबानं मान वर केली. "काय म्हनलीस?"

"कुंकवाचा दोष असता, तर ह्या कीबोर्डवर नीट चाललं असतं. ह्याला कुठं कुंकू लावलंय तुम्ही? शिवाय पासवर्ड टाकताना लॅपटॉपच्या कळा चालल्या की, मी घाबरून लक्षच दिलं नाही. कळा चांगल्या आहेत. घरधनी चांगलाय. बिघडलाय तो भाडेकरू."

"आतून कडी लावून बसलाय म्हन," ज्ञानेश म्हणाला. त्याचा सूर आता उतरला होता. आजोबांवर ओरडलेलं माणसाला पचत नाही. तो जरा वेळ उगाच कीबोर्डची वायर गुंडाळत राहिला आणि मग तात्याबाच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला.

पण कुंकू सुटलं म्हणून काम सुटलं नव्हतं. पुनमनं परत समाधानला लावलं. तो म्हणाला, "मॅडम, मला एक शंका यायलीय. कंट्रोल अडकलंय का बघा बरं."

"कंट्रोल?" सरुबाई आतून म्हणाली. तिला कंट्रोल एकच ठाऊक, जिथं रेशनचे गहू मिळतात ते. "आज कंट्रोल बंद आसतं. सणाची सुट्टी हाय. आन् ह्या महिन्याचे गहू कवाच आणलेत."

फोनमधून समाधान एवढा हसला की संस्कृती दचकली. ज्ञानेश हसला. पुनमही हसली, सकाळपासून पहिल्यांदा. "आजी, हे कंट्रोल वेगळं. ही बघा, कोपऱ्यातली कळ."

तात्याबा उठून जवळ आला. चष्मा सारखा करून त्यानं डाव्या कोपऱ्यातल्या कळेवरची अक्षरं वाचली. "सी, टी, आर, एल. ह्यात काना न्हाई, मात्रा न्हाई. वाचायचं कसं?"

"नुसतं कंट्रोल म्हणायचं, तात्या. ती एकटी काही करत नाही. ती दाबून धरली आणि जोडीला अक्षर दाबलं, की अक्षर उमटत नाही, हुकूम होतो. हे निवड, ते पूस, हे साठव." आणि ती फोनमध्ये म्हणाली, "समाधान, ती अडकलेली नाही. वर आलीय. मी सकाळीच बघितलं."

तात्याबा त्या कळेकडं बघतच होता. जोडीनं दाबायची बटणं त्याच्या परिचयाची. त्यानं आपला डावा अंगठा वर केला, बघितला, आणि म्हणाला, "पुनम, ह्या कळीवर माझा अंगठा व्हता."

"कधी?"

"काल. कुंकू लावताना."

"कसा? दाखवा बरं. लावू नका पण, वरूनच दाखवा."

तात्याबानं दाखवलं. हत्याराला कुंकू लावायचं तर ते डाव्या हातानं धरायचं, ही त्याच्या बापाची शिकवण. नांगर असो, मोट असो, एक हात त्याच्यावर पाहिजे. नुसतं लांबून बोट लावणं म्हणजे परक्याचं काम. म्हणून त्यानं डाव्या अंगठ्यानं लॅपटॉपचा कोपरा घट्ट धरला होता, उजव्या हातानं हळदकुंकू लावलं, आणि उजव्याच हातानं झाकण मिटलं.

"आणि अंगठा?"

"झाकन मिटलं, मग काढून घेतला. चेमटायचाच व्हता."

पुनम जागची उठून उभी राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते तात्याबानं आजवर पाहिलं नव्हतं. पाट्या वाचताना एखादी अवघड पाटी लागली की त्याच्या स्वतःच्या तोंडावर तसंच येत असावं.

"गुटका," ती म्हणाली.

"काय?"

"तात्या, झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. तुमचा अंगठा कळेवर होता आणि तो झोपला. अंगठा तुम्ही नंतर काढलात. भाडेकरूला कळ दाबलेली कळली, उचललेली कळलीच नाही. झोपेतच होता. सकाळी उठला, तर त्याच्या लेखी अंगठा अजून तिथंच आहे. मी रोज ज्याच्यावर प्रोग्रॅम लिहितेय, तेच झालंय. एक बटण दाबलेलंच राहिलंय."

फोनमध्ये समाधान म्हणाला, "आयला. असं व्हतंय खरं. मग कंट्रोल एकदा दाबून सोडा की."

"थांब. आधी खात्री करू दे." ती बसली. "कंट्रोल दाबलेली आहे असं तो समजत असेल, तर मी नुसता एस दाबला तर त्याला काय वाटेल? साठव, असा हुकूम वाटेल."

कुकरची शिट्टी झाली, तिकडं कुणी बघितलं नाही. पुनमनं एस वर बोट ठेवलं, एकदा डोळे मिटले, आणि दाबलं. पडद्याच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी सरकत गेली आणि अक्षरं आली. प्रोग्रॅम साठवला गेला होता. कालचा सगळा.

मग तिनं कंट्रोल दाबलं आणि सोडलं. उजवीकडचंही दाबलं, सोडलं. शिफ्ट, आल्ट, सगळ्या कळांना एकेकदा शिवून आली. निळा पडदा एका टिचकीनं पांढरा झाला. तिनं एक अक्षर लिहिलं. अक्षर उमटलं.

"झालं?" सरुबाईनं विचारलं.

"झालं, आजी."

"येवढंच व्हतं व्हय? येवढ्यासाठी माझी डाळ करपली."

समाधानला निरोप देऊन पुनमनं पेनड्राइव्हवर एक प्रत काढली, आणि मग तात्याबाला जवळ बसवून सांगितलं, की चूक तिची. घरधन्याला झोपवायच्या आधी भाडेकरूला रीतसर बंद करायचं असतं, नाही तर निदान थांबवून ठेवायचं असतं. उघडा टाकून ती उठायलाच नको होती.

"आसं कसं?" तात्याबा म्हणाला. "अंगठा माझा व्हता."

"अंगठा तुमचा होता, पण तुम्ही तो उचलला होता, तात्या. त्याला कळलं नाही, ह्यात तुमचा काय दोष?"

तात्याबा ओट्यावर जाऊन बसला. आपट्याची पानं तशीच पडली होती. त्याला खंडू आठवला. बोटं गेल्यावरही त्याला ती खाजायची. रात्रपाळीत शेजारी उभा राहून म्हणायचा, तात्या, करंगळी चावतेय रे, जिथं करंगळी नव्हतीच. सगळे हसायचे, तात्याबाही हसायचा. आता त्याला वाटलं, ते काही हसण्यासारखं नव्हतं. हात गेलेला शरीराला कळत नाही, आणि हात उचललेला मशिनीला कळत नाही. कुणीतरी शेजारी बसून एकदा दाखवून द्यावं लागतं, की बघ, आता इथं काही नाही.

मग त्याला सरुबाईचाही विचार आला. आपण जबाबदारी घेतो म्हणालो आणि पोर दिवसभर होतं तिच्याच मांडीवर. त्यानं ते मनातल्या मनात कधी कबूल केलं नव्हतं. तो उठला, आत गेला, आणि संस्कृतीला तिच्याकडून घेऊन म्हणाला, "तू डाळीचं बघ. हिला मी हिंडवून आणतो."

"आज कसं काय सुचलं?"

"आज दसरा हाय."

"दसरा वर्साला एकदाच येतो, माहितीय ना?" सरुबाई म्हणाली. पण पोराला दिलं.

दुसऱ्या दिवशी पुनम पहिल्या पाळीच्या बसनं गेली. ती बस नेमकी बाळूच चालवत होता. संध्याकाळी परतली ती पाय ओढत, पण तोंडावर तेज.

"काय झालं?" तात्याबानं दारातच विचारलं. संस्कृती त्याच्या कडेवर होती आणि त्याची टोपी तिच्या तोंडात.

"लाइन चालू झाली. एका ऑपरेटरनं सवयीनं गुटका ठोकला. प्रेस एक ठोका मारून जी उभी राहिली, ती हलेचना. मेकॅनिकला बोलावलं, सुपरवायझर आला. मी म्हटलं, गुटका काढा, दोन्ही अंगठे उचला, मग चालेल. काढला, तर चालली."

"मग काय म्हनला ऑपरेटर?"

"काय म्हणणार? शिव्या घातल्या. म्हणाला, ह्या बाईनं आमचा माल अडवला."

तात्याबा एवढा हसला की त्याला खोकला लागला. "शिव्या घातल्या नव्हं? मग काम झालं. त्येला काय ठावं, त्याची बोटं कुनी राखली. कळायची गरज बी न्हाई."

"यशवंतरावांनी पुढची लाइन पण मला दिलीय," पुनम म्हणाली. "रांजणगावची. जरा लांब आहे, आजी."

सरुबाई चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं नाही. "लांब हाय तर डबा मोठा लागंल," ती म्हणाली.

पुनमचं काम सुटलं नाही. रांजणगाव झालं, मग तळेगाव, मग परत चाकण. सरुबाईची कुरकुर चालू राहिली, पण सकाळचा तास दीड तास संस्कृती तात्याबाकडं, हे ठरून गेलं. तो तिला ओट्यावर घेऊन बसायचा आणि गोडाऊनच्या भिंतीवरची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवायचा, काना-मात्रा नसलेली.

तात्याबा आजारी पडला तो पुढल्या वर्षीच्या थंडीत. छातीत कफ झाला, चाकणच्या दवाखान्यात ठेवला. एका संध्याकाळी पुनम म्हणाली, उद्या मी कामावर जात नाही. त्यानं हातानंच नको म्हटलं. सकाळी ती गेली. दुपारी तिला फोन गेला तेव्हा ती लाइनीवर होती. सरुबाईनं सगळ्यांना बजावलं, ती आल्याबिगर त्येंला उचलायचं न्हाई. आणि ती येईपर्यंत कुणी उचललं नाही.

तात्याबा दोन हजार पंचवीस सालच्या जानेवारीत, भोगीच्या दिवशी वारला.